मोफत थीमवर वेबसाइट करून पैसे घेणे : कशाचे घ्यावेत आणि कशाचे घेऊ नयेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देतो आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही डोंबिवलीत राहता आणि गेली दोन वर्षे स्वतंत्रपणे वेबसाइटची कामे घेता. दादरच्या एका केटररची वेबसाइट तुम्ही वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या अधिकृत संग्रहातील एक मोफत थीम (म्हणजे पानांचा तयार साचा) वापरून २८,००० रुपयांत करून दिली. कोटेशनमधली पहिलीच ओळ ‘कस्टम डिझाइन आणि डेव्हलपमेंट : १८,००० रुपये’ अशी होती, बाकीची रक्कम मजकूर, फोटो, डोमेन आणि होस्टिंगची होती. पुढे मालकांच्या भाच्याने ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून थीमचे नाव शोधून काढले आणि ‘फुकटातली थीम आम्हाला अठरा हजारांना विकली’ असा निरोप तुम्हाला पाठवला. आता तुम्ही मुख्यतः दोन गोष्टी विचारता : यात तुमचे काही चुकले का, आणि अशाच चाळीस मोफत थीम मराठी नमुना मजकूर भरून प्रत्येकी ४९९ रुपयांना विकण्याचा जो विचार तुमच्या मनात आहे, तो योग्य आहे का.

दुसऱ्याने फुकट दिलेली वस्तू वापरून आपण पैसे कमवावेत का, असा प्रश्न तुम्ही केला आहे. पण भाच्याचा निरोप नीट वाचला तर त्याची तक्रार निराळी असल्याचे दिसते. तुम्ही थीम वापरली याचा त्याला राग नाही. जे डिझाइन तुम्ही केले नाही, त्याचा मोबदला ते तुमचेच असल्यासारखा घेतला, असे त्याचे म्हणणे आहे. हे दोन आक्षेप वेगळे ठेवल्याशिवाय या विषयावर नीट बोलता येत नाही. पहिल्याला माझे उत्तर निःसंदिग्ध आहे : पैसे घ्यावेत, आणि संकोच न करता घ्यावेत. दुसऱ्याचे उत्तर मात्र तुमच्या कोटेशनमधल्या त्या एका ओळीत आहे, आणि ती ओळ मला योग्य वाटत नाही.

हे सगळे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. थीम कोणत्या परवान्याखाली दिली होती, क्लायंटला तुम्ही काय सांगितले होते आणि प्रत्यक्षात काम काय केले. यातली पहिली गोष्ट आपल्या मतावर नसते, ती लिहिलेली असते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

वर्डप्रेस २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केले, तेही कोऱ्या पाटीवर नव्हे. त्याआधीच्या बीटू नावाच्या मोफत ब्लॉग सॉफ्टवेअरवर ते उभे राहिले. कोणत्याही वर्डप्रेस साइटच्या मुख्य फोल्डरमधली लायसन्स नावाची फाईल उघडून पाहा : बीटूचे मूळ लेखक मिशेल वाल्द्रिगी यांचे नाव, २००१ आणि २००२ या वर्षांसह, आजही तिथे आहे. वर्डप्रेसभोवती एवढा मोठा व्यवसाय वाढला, कोट्यवधींची उलाढाल झाली, तरी ती ओळ कोणी काढलेली नाही, कारण काढण्याचा हक्क कोणालाच नाही. नव्याने या क्षेत्रात आलेल्या प्रत्येकाला मी ही फाईल दाखवतो. दुसऱ्याच्या कामावर आपले काम उभारणे, त्यातून पैसे कमावणे आणि मूळ माणसाचे नाव जागेवर ठेवणे या तिन्ही गोष्टी तिथे शेजारीशेजारी नांदताना दिसतात.

वर्डप्रेस ज्या परवान्याखाली आहे तो म्हणजे जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स), आवृत्ती दोन किंवा तिच्यानंतरची. ही दुसरी आवृत्ती १९९१ ची आहे. प्रत पुरवण्याबद्दल शुल्क घेण्याची आणि पैसे घेऊन हमी देण्याची मुभा तिच्यात स्पष्ट लिहिलेली आहे. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर प्रत्येक प्रतीला कोणतीही किंमत लावा किंवा लावू नका, असे सरळच म्हटले आहे. या परवान्यामागची चळवळ ज्यांनी उभी केली त्या रिचर्ड स्टॉलमन यांनीही विक्रीला कधी विरोध केलेला नाही. ज्या काळात घरी डायल-अप असायचे आणि मोठी फाईल उतरवायला रात्र जायची, त्या काळात लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या सीडी विकत मिळत असत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. विक्रेता तुमचा वेळ वाचवत होता आणि त्याचे पैसे घेत होता.

वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात येणाऱ्या थीमला आपला सगळा ऐवज, म्हणजे कोड, चित्रे, फॉन्ट, सारे काही जीपीएल किंवा त्याच्याशी सुसंगत परवान्याखाली द्यावे लागते. म्हणजे तुमची थीम संग्रहातलीच असेल, तर तिच्या डिझायनरने तुम्हाला धंद्यासाठी वापरण्याची, बदलण्याची आणि विकण्याचीसुद्धा परवानगी विचारपूर्वक दिलेली आहे. त्याची परवानगी आहे की नाही अशी शंका घेत राहणे हा त्याच्या निर्णयाचा मान नव्हे. बदल्यात त्याने मागितले आहे ते थोडके आहे : कॉपीराइटच्या सूचना काढू नका, बदललेल्या फाईलमध्ये बदल केल्याची आणि तारखेची नोंद ठेवा, आणि ज्याला प्रत द्याल त्यालाही हेच सगळे हक्क द्या. फूटरमधली दिसणारी लिंक काढली तर जीपीएलचा भंग होत नाही, कोडच्या माथ्यावरचे नाव पुसले तर मात्र होतो. हा फरक पुष्कळांना ठाऊक नसतो.

संग्रहाबाहेरच्या थीमचे मात्र तसे नाही. बऱ्याच मोफत एचटीएमएल टेम्पलेटवर (वर्डप्रेसशिवाय चालणाऱ्या तयार पानांवर) क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देशाचा परवाना असतो, आणि तिथे श्रेय द्यावेच लागते. त्याच परवान्याच्या अव्यावसायिक प्रकाराखालची वस्तू केटररच्या वेबसाइटला तुम्ही एक रुपयाही न घेता बसवली, तरी ती साइट धंद्याचीच असल्यामुळे अडचण उभी राहते. बाजारातून विकत घेतलेल्या थीमचा नेहमीचा परवाना बहुधा एका वेबसाइटपुरताच असतो. तीच प्रत पाच क्लायंटांना लावणारे लोक मी पाहिले आहेत आणि ‘आम्ही तर पैसे देऊन घेतली आहे’ म्हणून ते निर्धास्त असतात. माझ्या मते मोफत थीम प्रामाणिकपणे वापरणाऱ्यापेक्षा त्यांचे वागणे अधिक गैर आहे.

परवान्याने तुमच्यातला आणि डिझायनरमधला प्रश्न मिटतो. तुमच्यातला आणि केटररमधला प्रश्न त्याने मिटत नाही, आणि नेमके इथेच आपल्या धंद्यातले पुष्कळ लोक ‘जीपीएल आहे ना, मग झाले’ म्हणून थांबतात.

‘कस्टम डिझाइन’ हे शब्द आपण आपसात फार सैलपणे वापरतो. रंग बदलले, लोगो बसवला, मुखपृष्ठावरचे विभाग वरखाली केले, की आपण त्याला कस्टम म्हणतो. दादरमध्ये तीन पिढ्यांचा व्यवसाय असलेला केटरर हे शब्द वाचतो तेव्हा त्याच्या मनात वेगळे चित्र असते : कोणीतरी आपल्यासाठी कागदावर रेखाटन केले, आपल्या कामाचा विचार करून पान घडवले आणि असे पान दुसऱ्या कोणाकडे नसेल. तुम्ही खोटे बोलण्याच्या हेतूने ते लिहिले नसेल, यावर माझा विश्वास आहे. पण समोरचा माणूस ओळीचा काय अर्थ घेणार हे आपल्याला माहीत असते, आणि तो अर्थ चुकीचा आहे हेही माहीत असते, तेव्हा तो दुरुस्त करण्याची जबाबदारी आपली होते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या करताना म्हटले आहे की केवळ मौन म्हणजे फसवणूक नव्हे. परंतु परिस्थितीच अशी असेल की बोलणे हे त्या माणसाचे कर्तव्य ठरते, किंवा त्याचे मौन हेच बोलण्यासारखे असेल, तर ते मौन निर्दोष राहत नाही. तुमच्या प्रकरणात कोणी कोर्टात जाईल असे मला वाटत नाही आणि त्यासाठी मी हे कलम सांगत नाही. व्यवहारातली नीती किती बारकाईने तोलावी लागते, हे त्या तरतुदीतून मला फार चांगले कळले, म्हणून सांगतो. थीमचा उल्लेख न करताही तुम्ही फक्त ‘वेबसाइट तयार करणे : १८,००० रुपये’ असे लिहिले असते, तर माझे मत बरेच सौम्य झाले असते. ‘कस्टम डिझाइन’ लिहिल्यामुळे तुमचे मौन हेच एक विधान झाले.

आता तुमची बाजू, कारण भाच्याचे म्हणणेही अर्धेच खरे आहे. ‘थीम दहा मिनिटांत बसते’ असे त्याने लिहिले आहे. थीम बसते हे खरे, पण ती मराठीत बसत नाही. जगातल्या बहुतेक मोफत थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. शीर्षकांना भारदस्तपणा यावा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवलेले असते. इंग्रजीत ते सुरेख दिसते, देवनागरीत मात्र त्याच सूचनेमुळे शिरोरेषा तुटते आणि ‘मंगलकार्य’ हा एक शब्द पाच तुकड्यांसारखा दिसू लागतो. ओळींमधले अंतर इतके कमी ठेवलेले असते की खालच्या ओळीतले रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीतल्या उकारांना जाऊन भिडतात, आणि मजकुराच्या चौकटीची उंची आखलेली असेल तर वेलांट्यांचे माथे कापले जातात. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली तर ब्राउझर फोनमधला मिळेल तो फॉन्ट लावतो, त्यामुळे तेच पान दोन फोनांवर दोन तऱ्हांचे दिसते. तिरप्या अक्षरांची सूचना असेल तर यंत्र देवनागरीला जबरदस्तीने वाकवते आणि ते वाचवत नाही.

लालबागला मसाल्याचे दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी मला पहिल्याच भेटीत विचारले होते, ‘थीम फुकट आहे म्हणता, मग आमच्याकडून पैसे कशाचे?’ मी त्यांच्याच फोनवर त्यांच्या दुकानाचे नाव त्या थीममध्ये मूळ जसे दिसत होते तसे दाखवले, मग अक्षरांतले अंतर शून्य करून आणि मुक्ता हा फॉन्ट लावून पुन्हा दाखवले. पहिले पाहून त्या म्हणाल्या, ‘अक्षरं मोडलीत.’ दुसरे पाहून पैशांचा विषय त्यांनी स्वतःच मिटवला. कोडमध्ये तो बदल दोन ओळींचा होता. पण कोणत्या दोन ओळी आणि का, हे माहीत असण्याचे ते पैसे होते, आणि ते घेताना मला कधी अपराधी वाटले नाही. तुम्हीही केटररच्या साइटवर हे सगळे केले असणार : त्यांचे मेनू टाइप केले असतील, ‘अळूचं फतफतं’ आणि ‘मसालेभात’ नीट लिहिले असतील, पंगतीचे फोटो हलके करून चढवले असतील, चौकशीचा अर्ज त्यांच्या व्हॉट्सॲपला जोडला असेल, जुन्या फोनवर पान उघडून पाहिले असेल. त्या कामाला नाव आहे, किंमत आहे, आणि त्याच्यावर दुसऱ्या कोणाच्या कामाचे नाव लावण्याची गरज नाही. कोटेशनमध्ये ‘कस्टम डिझाइन’ लिहिताना तुम्ही स्वतःच्या खऱ्या मेहनतीवरच पडदा टाकलात, याचे मला जास्त वाईट वाटते.

मुक्ताचा उल्लेख आला म्हणून एक जोडून सांगतो. हा फॉन्ट मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या नावाच्या गटाने केलेला आहे, बालूही त्यांचाच, आणि दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली सर्वांना खुले आहेत. त्या परवान्याची एक अट अशी आहे की फॉन्ट एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर जोडून विकता येतो, पण नुसता फॉन्ट विकता येत नाही. आपल्या प्रश्नाला ती अट फार जवळची आहे. कोणाच्या तरी कामात भर घालून ते पुढे नेणारा आणि नुसते उचलून विकणारा, यांच्यात ती कायद्याच्या भाषेत भेद करते. जीपीएलमध्ये असा भेद नाही, तरी माझ्या व्यवहारात मी तो पाळतो.

मूळ डिझायनरच्या बाजूने पाहिले तर काय दिसते तेही सांगतो, कारण मी स्वतः काही थीम मोफत दिलेल्या आहेत. त्यांवर कोणी पैसे कमावतो याचे मला समाधान वाटते. त्रास होतो तो नाव पुसल्यावर, आणि तो केवळ मानापमानाचा त्रास नसतो. वसईच्या एका क्लासचालकांचा मला मेल आला होता की त्यांच्या साइटवरचा अर्ज अचानक बंद पडला आहे. त्यांना साइट करून देणाऱ्याने माझ्या थीमच्या फोल्डरचे नाव बदलले होते, स्टाइलशीटच्या (थीमच्या रूपरंगाच्या सूचनांच्या फाईलच्या) माथ्यावर लेखक म्हणून स्वतःच्या एजन्सीचे नाव घातले होते आणि काम संपल्यावर फोन उचलणे बंद केले होते. वर्डप्रेस संग्रहातल्या थीमचे अपडेट फोल्डरच्या नावावरून ओळखते. नाव बदलले की साइटच्या दृष्टीने ती थीम अनाथ होते आणि नवी आवृत्ती आल्याचे तिला कळतच नाही. ज्या दोषामुळे त्यांचा अर्ज बंद पडला तो मी केव्हाच दुरुस्त करून प्रसिद्ध केला होता, पण ती दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोचू शकत नव्हती. एका फाईलमध्ये चुकून राहिलेल्या माझ्या नावामुळे ते मला शोधू शकले. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ मध्ये लेखकाला आपले लेखकपण सांगण्याचा हक्क दिलेला आहे, आणि हक्क विकून टाकले तरी तो त्याच्याकडे राहतो. पण नाव ठेवण्याने मुख्य संरक्षण मिळते ते क्लायंटला, असे माझे ठाम मत आहे. चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली वेगळी छोटी थीम, करा, आपले सगळे बदल तिच्यात ठेवा, तिच्यावर आपले नाव खुशाल घाला आणि मूळ थीमला हात लावू नका. मूळ थीममध्येच बदल केले तर पुढच्या अपडेटमध्ये ते पुसले जातात, हे तांत्रिक कारण तर आहेच. शिवाय कोणाचे काय हे फाईलच्या रचनेतूनच स्पष्ट राहते.

तुमच्या कोटेशनच्या शेवटी ‘डिझाइनचे सर्व हक्क क्लायंटकडे राहतील’ असे लिहिल्याचे तुम्ही सांगता. ही ओळ बहुतेकांनी कोणाच्या तरी नमुन्यातून उचललेली असते आणि मोफत थीमच्या बाबतीत ती खरी असू शकत नाही. कॉपीराइट ज्याचा असतो तोच तो दुसऱ्याला देऊ शकतो, आणि तेही लेखी आणि सहीनिशी. थीमचा कॉपीराइट तिच्या डिझायनरचा आहे, तेव्हा तो केटररना देणारे तुम्ही कोणी नाही. तुम्ही देऊ शकता ते तुमच्या मजकुराचे आणि तुम्ही काढलेल्या फोटोंचे हक्क. चाइल्ड थीममधल्या पीएचपी कोडचे (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या भाषेतल्या कोडचे) गणित थोडे वेगळे आहे : थीममधला असा कोड वर्डप्रेसवरूनच साधलेला असल्यामुळे तो जीपीएलखालीच येतो, असे मत मोफत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना कायदेशीर मदत करणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर या संस्थेने २००९ मध्ये दिले होते. स्टाइलशीट आणि चित्रे वेगळ्या परवान्याखाली ठेवता येतात, असेही त्याच मतात होते. म्हणून ‘हे डिझाइन फक्त तुमचेच’ असे आश्वासन मोफत थीमवर कधीच देऊ नये. शेजारच्या गल्लीतला दुसरा केटरर उद्या तीच थीम लावू शकतो आणि त्याला कोणी अडवू शकत नाही.

जाता जाता एक गोष्ट तपासा. थीमच्या डेमोमध्ये दिसणारे जेवणाचे फोटो तुम्ही साइटवर तसेच तर ठेवले नाहीत ना? त्यांचा परवाना अनेकदा वेगळा असतो, आणि परवाना असला तरी दुसऱ्याच्या ताटाचा फोटो आपल्या पंगतीचा म्हणून दाखवणे केटररच्या ग्राहकाशी अप्रामाणिकपणाचे आहे.

तर आता काय करावे. भाच्याशी वाद घालू नका, थेट मालकांशी बोला, आणि फोननंतर लेखीही द्या. मजकूर साधारण असा असावा : ‘साहेब, आपल्या वेबसाइटचा पाया म्हणून मी वर्डप्रेसच्या संग्रहातील एक मोफत थीम वापरली आहे. ती व्यवसायासाठी वापरण्याची रीतसर परवानगी आहे. कोटेशनमध्ये मी “कस्टम डिझाइन” असे लिहिले होते, ते अचूक नव्हते, त्याबद्दल दिलगीर आहे. त्या रकमेत प्रत्यक्ष केलेली कामे सोबत लिहून पाठवत आहे.’ आणि खाली खरोखर केलेल्या कामांची यादी, काहीही न फुगवता.

रक्कम परत करावी का, हे मात्र काम ठरण्यापूर्वी काय बोलणे झाले होते त्यावर आहे. मालकांनी ‘दुसऱ्या कोणासारखी नको, आमच्यासाठी वेगळी करा’ असे म्हटले असेल आणि तुम्ही होकार दिला असेल, तर तुम्ही एक गोष्ट कबूल करून दुसरी दिली आहे. मग मुखपृष्ठ तरी त्यांच्यासाठी नव्याने आखून द्या किंवा त्या ओळीतला वाजवी भाग परत करा, आणि यातले काय हवे ते त्यांना निवडू द्या. त्यांनी फक्त ‘चांगली, मराठीत आणि फोनवर नीट दिसणारी वेबसाइट हवी’ एवढेच म्हटले असेल आणि ती त्यांना मिळाली असेल, तर पैसे परत करण्याचे कारण मला दिसत नाही. ओळ दुरुस्त करणे पुरेसे आहे. पुढच्या कोटेशनमध्ये तिच्या जागी असे लिहा : ‘वेबसाइट उभारणी : मोफत उपलब्ध थीमच्या आधारे मांडणी, देवनागरीसाठी आवश्यक दुरुस्त्या, चाइल्ड थीम, फोनवरील चाचणी.’ मी गेली अनेक वर्षे असेच लिहितो. काही कामे त्यामुळे हातची जातात, कारण शेजारचा एजन्सीवाला ‘शंभर टक्के कस्टम’ सांगतो आणि तेच करतो. ती गेली तर जाऊ द्यावीत.

डिझायनरला काही परत द्यावे का, असेही तुम्ही विचारले आहे. देणे बंधनकारक नाही, पण द्यावे असे मला मनापासून वाटते, आणि ते पैशांतच असायला हवे असे नाही. थीमची मोठी आवृत्ती विकत मिळत असेल आणि क्लायंटला तिचा उपयोग असेल, तर ती त्याच्या नावावर घ्यायला सुचवा. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीची ॲस्ट्रा ही थीम असो किंवा परदेशातली एखादी थीम, मोफत आवृत्ती टिकते ती बऱ्याच अंशी अशा विक्रीवर. ते नको असेल तर थीममधली वाक्ये वर्डप्रेसच्या भाषांतराच्या जागी जाऊन मराठीत करून द्या. शिरोरेषा तुटण्याचा दोष तुम्ही आपल्यापुरता सुधारलाच आहे, तो लेखकाला दोन चित्रांसह कळवा. त्याने तो मूळ थीममध्ये घेतला तर पुढच्या प्रत्येक मराठी साइटला त्याचा फायदा होईल. परदेशातल्या डिझायनरला देवनागरीत काय मोडते हे सांगणारा माणूस क्वचित भेटतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक जण ते आनंदाने ऐकतात.

उरला चाळीस थीमचा विचार. परवाना जीपीएलचा असेल तर कायद्याने तुम्हाला कोणी थांबवणार नाही. प्रश्न असा की ४९९ रुपये देणाऱ्याच्या हातात, फुकट मिळणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त काय पडते. मराठी नमुना मजकूर, फॉन्टची जोडणी, अक्षरांच्या दुरुस्त्या आणि अडल्यावर उत्तर देणारा माणूस एवढे पडत असेल, तर ही विक्री मला पूर्णपणे न्याय्य वाटते. नुसती झिप फाईल आणि नवे नाव पडत असेल, तर ज्याला मूळ जागा ठाऊक नाही त्याच्या अज्ञानाचे ते पैसे आहेत आणि ते घेऊ नयेत. हे टाळण्याचा साधा मार्ग म्हणजे मूळ थीम विकायचीच नाही, तिच्यावरची चाइल्ड थीम आणि मजकुराचा संच विकायचा, आणि विक्रीच्या पानावर खरेदीच्या बटणाच्या वरच लिहायचे की मूळ थीम अमुक डिझायनरची आहे आणि तिच्या जागी ती मोफत मिळते. हे वाचूनही जो विकत घेईल तो तुमच्या कामाचे पैसे देतो आहे, याबद्दल तुम्हालाही शंका राहणार नाही. ‘पुनर्विक्रीस मनाई’ अशी अट मात्र घालू नका. जीपीएलखालच्या भागावर जादा बंधने घालायला परवान्यातच मनाई आहे, आणि जे स्वातंत्र्य तुम्हाला मिळाले ते तुमच्या ग्राहकापासून काढून घेणे तसेही बरोबर नाही.

चाळीस हा आकडा मात्र सोडून द्या. प्रत्येक थीमची रीडमी फाईल उघडून चित्रांचे आणि फॉन्टचे परवाने वाचायला बसलात की काही तिथेच गळतील. संग्रहाबाहेरून घेतलेल्यांपैकी काहींच्या फूटरमध्ये सांकेतिक कोडमागे लपवलेल्या लिंक सापडतील, त्या थीम तर संगणकावरूनही काढून टाका. काहींचे शेवटचे अपडेट इतके जुने असेल की त्या कोणाला देणे हेच बेजबाबदारपणाचे ठरेल. जेवढ्या उरतील त्यांतल्या, मूळ थीमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर स्वतः तपासून पाहणे तुम्हाला जमेल तेवढ्याच घ्या. डोंबिवलीत एकट्याने काम करणाऱ्याला त्या चार-पाचपेक्षा जास्त जमतील असे मला वाटत नाही. पहिली थीम एखाद्या छोट्या व्यावसायिकाच्या खऱ्या साइटवर महिनाभर चालवून पाहा, आणि मगच तिच्यावर किंमत घाला.